पुढचा नंबर तुझा

नाना वकिलांच्या ऑफिसात मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाठ केली. हातात नवी सनद, अंगात नवा काळा कोट, विसरवाडीहून एसटीत उभ्यानं आलेली मी, आणि समोर हा उंच, मान पुढे काढून बसलेला माणूस. नाव सांगायला तोंड उघडलं तर हातानंच थांबवलं, खुर्ची गर्रकन फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "एक माणूस शे, बैल चोरीना आरोप शे. त्याना जामीन मांग. मी जज शे."

मला वाटलं, हा अपमान आहे. उठून जावं असंही मनात आलं, पण परतीची गाडी दुपारची होती. म्हणून बोलले. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलेल्या त्या पाठीशी मी बोलत राहिले. मध्येच त्यांनी दोन प्रश्न टाकले, मी उत्तरं दिली. बऱ्याच वेळानं खुर्ची परत फिरली. "कोनी पोर शे तू?" मी सांगितलं, सुमन कोकणी, वडील धडगावकडे आश्रमशाळेत मास्तर. "उद्यापासून ये," म्हणाले, आणि सुपारी कातरायला लागले.

पुढे कळलं की ही पाठ सगळ्यांनाच मिळते. ज्युनिअर कोणी असो, युक्तिवादाची तालीम नाना भिंतीकडे बघूनच ऐकत. "तोंड नको दखाडू, मुद्दा दखाड," हे त्यांचं पेटंट वाक्य. चेहरा पाहिला की माणसाचं गाव दिसतं, जात दिसते, बापाची ऐपत दिसते, आणि मग कान आपोआप आखूड होतात, असं त्यांचं म्हणणं. माझ्यासारखीला हे वाक्य कसं लागलं असेल, ते मी काय सांगू! शाळेपासून लॉ कॉलेजपर्यंत माझं आदिवासी आडनाव माझ्या आधी वर्गात जाऊन बसायचं. इथे पहिल्यांदा एक माणूस असा भेटला, की ज्यानं आधी ऐकलं आणि मग नाव विचारलं.

नाना प्रकाशा या तीर्थाच्या गावाजवळचे, तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याच्या घरातले. केळी आणि ऊस भाऊ बघायचे, नानांना मातीपेक्षा कागद आवडला. घरी गुजरी, पक्षकारांशी अहिराणी, बाजारातल्या मुसलमान व्यापाऱ्यांशी हिंदी आणि जजसाहेबांपुढे अशी स्वच्छ मराठी की पुण्याहून बदलून आलेले साहेबही चपापत. कोटाचा खांदा उन्हानं तांबूस झालेला. नवा शिवा म्हटलं तर म्हणत, "कोट बोलस का? मी बोलस." फी मात्र ठोकून घेत. साधेपणा अंगावर, खिशात नाही.

त्यांनी मला वकिली शिकवली. हे मी कधी नाकारणार नाही. उलटतपासणीत साक्षीदाराला दरडावणारे वकील त्यांना आवडत नसत. पण माझ्याकडे एक गोष्ट होती, ती मात्र नानांकडे नव्हती. वडिलांच्या नोकरीमुळे मी डोंगरात वाढले. घरी आमची आदिवासी कोकणी, आणि बाहेर पावरा पोरांबरोबर त्यांची पावरी. सातपुड्यातला म्हातारा साक्षीला उभा राहिला की वकील पहिला प्रश्न टाकतो, घटना कोणत्या तारखेला घडली? म्हातारा गडबडतो. दोनदा वेगळं सांगतो. झालं, साक्ष खोटी. एका खटल्यात मी तारीख विचारलीच नाही. मी विचारलं, भोंगऱ्याच्या बाजाराच्या आधी की नंतर? होळीच्या आधी भरणारा हा बाजार डोंगरात कोण विसरेल! म्हाताऱ्यानं धडाधड सांगितलं, कोणत्या गावचा बाजार झाला होता, त्याच्यानंतर कोणाच्या घरी ढोल होता, चांदणं कसं होतं. दुभाष्याची दमछाक झाली. नाना मागच्या बाकावर होते. बाहेर आल्यावर बाररूममध्ये सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्या पोरले पाठ करीसन ऐका रे, मंग समजी वकिली काय ऱ्हास ती."

त्या दिवशी मी विसरवाडीपर्यंत खिडकीत बसून एकटीच हसत गेले.

नानांचा एक जुना सल होता. दर सहा महिन्यांनी तो वर यायचा, विशेषतः चहा गोड झाला की. तरुणपणी जिल्हा सरकारी वकिलाची जागा निघाली होती. खुनाबिनाच्या मोठ्या खटल्यांत सरकारच्या बाजूनं उभा राहणारा हा मुख्य वकील. त्या काळात सत्र न्यायालयातले अवघड खटले नानाच चालवत होते. पण जागा गेली त्यांच्याहून जुनी सनद असलेल्या एका गृहस्थांना, जे कोर्टात उभे राहिले की स्वतःच्याच अशिलाचं नाव विसरत. नाना हे सांगताना त्या गृहस्थांची नक्कल करत, आम्ही पोट धरून हसत असू, आणि नाना मात्र नक्कल संपल्यावर कप खाली ठेवत. मग म्हणत, "सनद म्हंजे लोणचं नही शे बेटा, जुनी व्हयनी म्हणीसन चव येत नही." आणि थोड्या वेळानं, "मन्हा हातमां कधी काही ऱ्हायनं ना, तर मी गुणच देखसू."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! माझ्या मनात ते घर करून बसलं होतं.

आमच्या कोर्टात एक रिवाज आहे. कायद्याच्या पुस्तकात तो सापडणार नाही. सरकारी वकिलाच्या जागेसाठी नावं वर पाठवायची असली की जज बारमधल्या सगळ्यात जुन्या सनदेच्या वकिलाला चेंबरमध्ये चहाला बोलावतात. कप संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलणं होतं आणि कप ठेवताना विचारतात, कोण बरं? गोऱ्या साहेबाच्या राज्यात पडलेला रिवाज. साहेब गेला, चहा राहिला. त्या एका उत्तरावर सगळं ठरतं असं नाही, पण ते उत्तर डावलल्याचं कोणी ऐकलेलं नाही.

जागा निघाली तेव्हा जुन्यात जुनी सनद नानांची होती. आणि नावं दोनच चर्चेत होती, भावसार साहेब आणि मी.

भावसार साहेबांबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. देवमाणूस. बारमध्ये कोणाचे गुडघे दुखतात, कोणाच्या मुलीचं जमत नाही, सगळं त्यांना माहीत. सनद माझ्याहून पुष्कळ जुनी. पण कोर्टात उभे राहिले की त्यांचा आवडता शब्द एकच, 'पुढची तारीख'. आरोपीचा वकील तारीख मागायचा विचार करत असतानाच हे देऊन मोकळे! स्वतः भावसार साहेबच हसत सांगायचे, "मी काही वाघ नही भो, मी गाय शे." पण सरकारी वकील गाय असला की डोंगरातून बस बदलत बदलत आलेल्या साक्षीदाराचं काय होतं, ते मी व्हरांड्यात रोज बघत होते. मला ती जागा हवी होती. उगाच संकोच कशाला करू? मला ती हवीच होती, मानासाठी हवी होती आणि कामासाठीही. वडील रोज संध्याकाळी फोन करून विचारत, "काही कळलं का?"

चहाच्या दिवशी नाना जायला निघाले तेव्हा मी काहीच बोलले नाही. बोलायची गरज काय होती? तासाभरानं परत आले. कोट खुंटीला लावला, सुपारी घेतली आणि म्हणाले, "साहेबांशी चर्चा झाली. निर्णय योग्य वेळी होईल."

मी चमकले. नाना माझ्याशी कधी शुद्ध मराठीत बोलत नसत. ती भाषा जजसाहेबांसाठी आणि ज्यांना दूर ठेवायचं त्यांच्यासाठी होती. पण मनातला हा विचार मीच हुसकून लावला. नानांच्या बाबतीत असा संशय घ्यायचा म्हणजे देवळात चप्पल घालून जाण्यासारखं वाटलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी भावसार साहेब पेढ्यांचा पुडा घेऊन ऑफिसात आले. डोळे भरलेले. नानांच्या पायाला हात लावायला वाकले तर नानांनी वरच्यावर धरलं. भावसार साहेब म्हणाले, "तुम्ही मन्हं नाव लिधं म्हणीसन व्हयनं हाई. साहेबांनी स्वतः सांगं माले. मरस तवलोंग इसरावू नही, नाना." मग माझ्याकडे वळले. मी तिथे आहे याचा त्यांना आनंदच झाला, कपट त्यांच्या गावी नव्हतं. "ले बेटा, तोंड गोड कर."

मी पेढा घेतला. खाल्ला. तोंडात आलेली चव कसली होती ते आता आठवत नाही.

ते गेल्यावर नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुझं वय आहे अजून, सुमन. भावसारांची ही शेवटची संधी. पुढचा नंबर तुझा."

"नाना, पाठ करा," मी म्हटलं.

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"भिंतीकडे तोंड करा आणि ऐका. दोन वकील आहेत. एकानं काय काम केलं ते सांगते, दुसऱ्यानं काय केलं ते सांगते. नावं सांगत नाही. मग तुम्हीच ठरवा."

खुर्ची फिरली नाही. नानांनी हातातली सुपारी न कातरताच टेबलावर ठेवली. मग त्यांची भाषा बदलली, आपली झाली, आणि ते जास्त वाईट होतं. "हाई काम पाठ करीसन व्हत नही, बेटा. तुले दिधं व्हतं तर लोक दोन गोष्टी बोलतात. एक, नानानी आपलीच माणूस बसाडी. दुसरी, आदिवासी शे म्हणीसन भेटनं. तुन्हा गुण कोनीच मोजाव नही. मी तुले त्यामाईन वाचाडं."

मला वाचवलं! मी त्यांच्याकडे बघतच राहिले. अंगाचा नुसता संताप झाला. "नाना, दुसरी गोष्ट लोक मला पहिलीत असल्यापासून म्हणतायत. मला तिची सवय आहे. तुम्हाला सवय नव्हती ती पहिल्या गोष्टीची. तुम्ही मला नाही वाचवलं, तुम्ही स्वतःला वाचवलंत."

"पन लाईन शे ना, बेटा. लाईन मोडनी की मंग वशिलावाला घुसतस."

"ही लाईन तुमच्या वेळीही होती. तेव्हा तुम्ही तिला काय म्हणत होतात?"

नानांनी अडकित्ता उचलला. मी माझी पुस्तकं घेतली आणि निघाले. कोणी अडवलं नाही. जिना उतरताना वाटत होतं की वरून हाक येईल. ती हाक मारायला नानांना फक्त तोंड उघडायचं होतं.

बसस्टँडजवळ मी स्वतःचं ऑफिस थाटलं. नाना भेटले की नमस्कार व्हायचा. दरवर्षी त्यांच्या मळ्यातला केळीचा घड माझ्या ऑफिसात यायचा, निरोप वगैरे काही नाही. पहिल्या वर्षी मी तो परत पाठवला. दुसऱ्या वर्षी शेजारच्या झेरॉक्सवाल्याला दिला. नंतर घरी न्यायला लागले. केळ्यांवर राग धरून काय करायचं!

भावसार साहेबांच्या काळात एक खटला होता. धडगावच्या वरच्या एका पाड्यात विधवा बाईला डाकीण ठरवून मारलं होतं. तिची बहीण ही एकमेव बघणारी. ती डोंगर उतरून शहाद्याला यायची, तिथून दुसऱ्या बसनं कोर्टात, आणि व्हरांड्यात माझ्याशेजारी बसायची, कारण तिची बोली कळणारी मीच. आत पुकारा व्हायचा आणि पुढची तारीख पडायची. आरोपीच्या वकिलाला ताप, कधी दुभाषी रजेवर, कधी भावसार साहेबांच्याच घरी लग्न. एकदा तिनं मला पावरीत विचारलं, "आत तू का नाही उभी राहत?" मी तिला सांगितलं की तिथे दुसऱ्याचा नंबर आहे. तिला ते कळलं नाही. कोणालाही कळलं नसतं. पुढे ती यायची बंद झाली आणि आरोपी सुटले. भावसार साहेबांना खरंच वाईट वाटलं. बाररूममध्ये ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. त्या वाईट वाटण्याचा त्या बहिणीला काय उपयोग?

मग भावसार साहेबांची मुदत संपली. आता सनदेच्या हिशोबानं पुढचा नंबर माझा. पण चहाचा रिवाज तोवर बंद पडला होता. नाना अंथरुणाला खिळून गावी होते आणि नवे साहेब म्हणाले होते की जुनं-नवं काही बघायचं नाही, गुणवत्ता बघायची. वरून एक तरुण नाव आलं. तो गुणी आहे की नाही ते मला ठाऊक नाही, त्याला आमच्याकडे कोणी बोलताना ऐकलेलंच नव्हतं. नानांनी नाव सांगायचं तेव्हा लाईन, माझा नंबर आला तेव्हा गुण, आणि दोन्ही वेळा मी बाहेर. घरी जाऊन वडिलांना सांगितलं तेव्हा ते फक्त म्हणाले, "बरं." त्या 'बरं'साठी मी नानांना कधी माफ केलेलं नाही.

नानांना भेटायला मी एकदाच गेले. पडवीत खाट टाकली होती, पलीकडे केळीचा मळा. अंगावर मांस उरलं नव्हतं, आवाज मात्र तोच. त्यांनी विचारलं ते माझ्या तब्येतीचं नाही, घरच्यांचंही नाही. "नंबर तर भावसारनाच व्हता ना, बेटा?"

मरायला टेकलेला माणूस. 'हो' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मी त्यांच्याच हाताखाली शिकले होते. विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचं. "नंबर त्यांचा होता, नाना. गुण माझे होते."

"ते मले माहीत नव्हतं का?" डोळे मिटून म्हणाले. "समदासपेक्षा जास्त मले माहीत व्हतं."

मी त्यांच्या पायाशी बसून होते. इतकी वर्षं मी मनाला समजावत होते की नानांची चूक झाली असेल, त्यांचा अंदाज फसला असेल. अंदाज फसला नव्हता. नाना कोणाला विकले गेले नव्हते, कोणाला घाबरले नव्हते. आपलं नाव स्वच्छ राहावं म्हणून त्यांनी मला खर्ची घातलं, आणि काय खर्च करतोय ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. निघताना नानांच्या पत्नीनं, काकूंनी, केळी बांधून दिली. ती घेऊन मी प्रकाशाला बसची वाट बघत उभी राहिले.

महिनाभरात नाना गेले. गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटायच्या दिवशी, घरापुढे मोठा मंडप होता. आमच्याकडे त्या दिवशी श्रद्धांजलीची भाषणं होतात आणि ती मानानं होतात. वयानं आणि हुद्द्यानं मोठा तो आधी, बाकीचे मागून, आणि मग जेवणं. भावसार साहेब पुढच्या रांगेत होते, घसा साफ करत. मी मागे बायकांत बसले होते.

नानांचा मुलगा प्रवीणभाऊ माइक घेऊन उभा राहिला. म्हणाला, "नानांनी सांगून ठेवलंय, माझ्या वेळी मानपान लावू नका. सुमनला आधी बोलायला सांगा. तिच्यासारखं बोलणारं आपल्या जिल्ह्यात कोणी नाही."

सगळा मंडप वळून माझ्याकडे बघायला लागला. काही वकिलांनी समाधानानं मान हलवली. नानांनी शेवटी न्याय केला, असं त्यांना वाटत होतं. मला तसं वाटलं नाही. जिथे त्यांचं काही जात होतं तिथे त्यांनी लाईन धरली, आणि आता, जिथे कोणाचंच काही जाणार नव्हतं, तिथे माझ्यासाठी ती मोडली.

मी पुढे गेले. माइक हातात घेतला. समोर त्यांचा फोटो होता, हार घातलेला, सुपारी चघळत असल्यासारखा चेहरा. मला त्यांची इतकी आठवण आली, की क्षणभर वाटलं, बोलून टाकावं. चांगलंच बोलले असते मी. ते त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

"सनदेनं भावसार साहेब मोठे आहेत," मी म्हटलं. "आधी ते बोलतील. नंतर बाकीचे मोठे. माझा नंबर येईल तेव्हा मी बोलेन."

भावसार साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि माइक घेतला. ते सावकाश बोलले, पुष्कळ बोलले. नानांनी आयुष्यात कधी आपल्या माणसाला झुकतं माप दिलं नाही, असं सांगताना त्यांना रडू फुटलं आणि लोकांनी डोळे पुसले. त्यांच्यानंतर साखर कारखान्याचे कोणी उठले, मग शिक्षण संस्थेचे, मग गावचे जुने सरपंच. ऊन मंडपात शिरलं. मी बायकांत परत जाऊन बसले होते आणि रडत होते, आणि रडू येतंय याचाच मला राग येत होता.

माझा नंबर आला तेव्हा लोक जेवायला उठले होते.